फेडलेलं कर्ज सिबिलमध्ये 'सेटल्ड' दिसत होतं

टू-व्हीलरचं कर्ज पूर्ण फेडलेलं, एनओसी (कर्ज फिटल्याचं पत्र) हातात. तरी सिबिल रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, त्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा! म्हणजे थकबाकीतली काही रक्कम सोडून दिली, असा अर्थ. गृहकर्ज देणारा तिथेच थबकतो. सिबिलकडे ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची हरकत, टाकला. पण सिबिल स्वतःहून काही बदलत नाही, कर्ज देणाऱ्याने दुजोरा दिला तरच दुरुस्ती होते. म्हणून एनओसी आणि खातेउतारा जोडून कर्ज देणाऱ्याच्या तक्रार विभागालाही मेल केला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 दिवसांत तक्रार मिटली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, हेही त्यात मुद्दाम लिहिलं. नुसत्या डिस्प्यूटने सिबिल स्कोअर (पत दाखवणारा आकडा) घटत नाही, पण तशी नोंद रिपोर्टवर दिसते. तोवर गृहकर्जाचा अर्ज थांबवला. आता शेरा 'क्लोज्ड' झालाय, स्कोअरही वर सरकलाय.