आचारसंहिता लिहायला बसण्यापूर्वी

लहान कंपनीची आचारसंहिता लिहिताना मी पहिल्या वेळी जी चूक केली, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून ही यादी. कायद्याचे पालन, सचोटी, गोपनीयता ही कलमे सगळेच लिहितात. त्यांवर वेळ दवडू नका. भेटवस्तूंबाबत मात्र ‘माफक’ असा मोघम शब्द न वापरता मर्यादा आकड्यात लिहा. कोणाचा नातेवाईक माल पुरवणार असेल, तर ते दरपत्रके मागवण्याआधी लेखी कळवायचे आणि त्या निर्णयातून बाजूला व्हायचे, हेही लिहा.

आता मुख्य गोष्ट. तक्रार कोणाकडे करायची, आणि ती त्याच व्यक्तीविरुद्ध असेल तर कोणाकडे? आमच्या संहितेत ‘गैरप्रकार आढळल्यास वरिष्ठांना कळवावे’ एवढेच वाक्य होते. गोदामातील एका सहकारी बाईंच्या लक्षात आले होते की एका पुरवठादाराची खोकी मोजणीत दर वेळी कमी भरतात आणि बिल मात्र पूर्ण मंजूर होते. बिलावर सही त्यांच्या वरिष्ठांचीच असे. त्या आठ महिने गप्प राहिल्या आणि नोकरी सोडताना बोलल्या. दोष त्यांचा नव्हता. ते वाक्य मी लिहिले होते.

म्हणून तक्रारीचे दोन मार्ग ठेवा, आणि दुसरा वरिष्ठांच्या टेबलावरून जाणारा नको. दुसरा भागीदार, बाहेरचा लेखापाल किंवा वकील, कोणीही चालेल, पण नाव आणि फोन नंबर संहितेतच छापा. तक्रार मालकाविरुद्ध असली तरी हा मार्ग खुला राहिला पाहिजे. गैरप्रकार कळवणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात तक्रारीची पोच ७ दिवसांत आणि त्यानंतर केलेल्या कार्यवाहीची माहिती ३ महिन्यांत देण्याची मुदत आहे. अंतर्गत यंत्रणेची सक्ती साधारणपणे ५० कर्मचाऱ्यांपासून पुढे असली, तरी आठ माणसांच्या कंपनीनेही या मुदती पाळाव्यात. एवढ्या थोड्या माणसांत निनावी तक्रार निनावी राहत नाही, कारण ती खोकी कोण मोजते हे सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे तक्रारदाराची पाळी बदलणे, वेतनवाढ रोखणे, बैठकीतून वगळणे हे सूडाचे प्रकार नावानिशी लिहून त्यांना मनाई करा. दुसरा मार्ग लिहिला का, हे छपाईपूर्वी पुन्हा तपासा.

उरलेले थोडक्यात: सर्वांना समजेल अशी भाषा, पहिली सही मालकाची, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी प्रत, वर्षातून एकदा फेरतपासणी. त्या दिवशी दुसऱ्या मार्गाचा फोन स्वतः लावून पाहा आणि पलीकडून कोणी उचलतो का ते बघा.