उन्हाळ्याची यादी: आधी माणसं, मग कूलर

नागपुरात मार्च लागला की तयारीला सुरुवात होतेच. माळ्यावरचा कूलर खाली येतो, नवा माठ येतो, कैऱ्या दिसायला लागल्या की पन्ह्याचा गर करून ठेवला जातो. मे २०१३ मध्ये ज्या शहराने ४७.९ अंश सोसले, त्याला उन्हाळा शिकवायला जाण्यात अर्थ नाही. तरी एक सांगावंसं वाटतं: आपली यादी नेहमी वस्तूंपासून सुरू होते. आणि ऊन लागतं ते बहुतेकदा ज्यांच्याकडे त्या वस्तू नसतात त्यांना, किंवा वस्तू असूनही कूलरमध्ये पाणी भरायला घरात दुसरं कुणी नसतं त्यांना. म्हणून वहीचं पहिलं पान माणसांना द्या.

आपल्या मजल्यावर, आपल्या गल्लीत एकटं कोण राहतं ते लिहून काढा. मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला आणि आईवडील इथे, अशी घरं प्रत्येक सोसायटीत सापडतील. त्यानंतर तान्ही बाळं, गरोदर बायका, हृदयाचे, किडनीचे आणि मधुमेहाचे रुग्ण. मग ज्यांना आपण रोज बघतो पण यादीत धरत नाही ते: टिनाच्या खोलीत राहणारा चौकीदार, तीन घरच्या पोळ्या लाटून बारा वाजता उन्हातून परत जाणाऱ्या मावशी, पार्सल आणून देणारी पोरं. प्रत्येक नावापुढे त्यांची चौकशी कोण करणार ते लिहा. ‘सगळे मिळून लक्ष ठेवू’ असं ठरलं की कुणीच ठेवत नाही.

फोन दुपारी चारच्या सुमारास करा आणि रात्री झोपायच्या आधी पुन्हा करा. “कशा आहात काकू?” विचारलं तर “बरी आहे रे बाबा” हेच उत्तर येणार. त्यापेक्षा सकाळपासून लघवीला कितीदा गेलात, जेवण काय केलं, कूलरमध्ये पाणी आहे का, असं नेमकं विचारा. वय झालं की तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे ‘तहान नाही’ म्हणजे पाणी पुरेसं आहे असा अर्थ होत नाही. घराची एक किल्ली शेजारी असू द्या. दार आतून बंद आणि फोन कुणी उचलत नाही, अशा वेळी कुलूपवाला शोधत फिरायला नको.

एप्रिलच्या आत डॉक्टरांची एक फेरी उरकून घ्या. रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी, मानसिक आजारावरची काही औषधं, ॲलर्जीच्या काही गोळ्या यांनी शरीराचं पाणी तरी कमी होतं किंवा घाम तरी. मात्र आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. उन्हाळ्यात डोस बदलायचा का, एवढंच विचारायचं. हृदयाच्या आणि किडनीच्या रुग्णांनी पाणी आणि मीठ किती घ्यायचं तेही तिथेच ठरवून घ्यावं, कारण ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला त्यांना सरसकट लागू होत नाही. इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नको. वीज गेली किंवा फ्रीज नसेल तर डबा ओल्या मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवता येतो.

आता कूलर. आपल्याकडची हवा कोरडी असते म्हणून हे यंत्र इथे इतकं गुणी ठरतं. ताट्यांमधून, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या ओल्या गवताच्या चौकटींमधून, पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, आणि बाहेर ४४ अंश असताना चांगल्या कूलरच्या तोंडाशी हवा पंधराएक अंशांनी उतरलेली असते. मुंबईच्या दमट हवेत हाच कूलर फक्त चिकचिक वाढवतो. मागच्या वर्षीच्या ताट्या हातात घेऊन बघा. क्षारांचा पांढरा थर बसून त्या कडक झाल्या असतील, कुठे गवत खाली घसरून वर फट पडली असेल, तर त्या फटीतून गरम वारा सरळ आत येतो आणि आपण पंप खराब झाला म्हणून बसतो. ताट्या बदला. खसच्या घेतल्या तर वास छान येतो, थंडावा मात्र त्या किती ओल्या राहतात यावर असतो. वरच्या पन्हाळीची भोकं तारेने मोकळी करा, पंपाची जाळी धुवा. समोरच्या बाजूची एखादी खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर ओलसर हवा खोलीतच कोंडते. सगळी दारं-खिडक्या लावून ‘कूलर काम करत नाही’ म्हणणारी घरं आजही कमी नाहीत.

विजेचं काम मात्र घरच्या घरी उरकू नका. लोखंडी टाकी, पाणी, ओले पाय आणि जुनी वायर असं सगळं एकत्र येतं, आणि कूलरचा शॉक बसून माणसं जातात हे आपण दर उन्हाळ्यात वाचतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, घरात विजेची गळती झाल्यावर प्रवाह तोडणारा ब्रेकर नसेल तर तो बसवून घ्या. पाणी भरताना आणि टाकीत हात घालताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर. हे मुलांनाही शिकवा, कारण पाणी भरायचं काम बहुतेक त्यांच्यावरच येतं. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडायला तयार होते.

दुपार आपण सांभाळतो, रात्र विसरतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो, म्हणून वरच्या मजल्यावरचं आणि टिनाखालचं घर अकरा वाजताही भाजत असतं. शरीराला सावरायला रात्रीचा गारवा लागतो. तो सलग काही दिवस मिळाला नाही की म्हातारं माणूस खचतं. गच्चीला एप्रिलच्या आधी चुन्याचा किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. यादीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम हेच. टिनावर हिरवी जाळी बांधायची तर पत्र्यापासून वीतभर वर बांधा, मधून वारा खेळू द्या. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूच्या तट्ट्या लावा, म्हणजे ऊन काचेच्या आत येतच नाही. सकाळी आठ-नऊनंतर खिडक्या बंद (कूलरपुरती फट सोडून), सूर्य कलल्यावर उघड्या. वीज गेली तर महावितरणचा १९१२ हा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा आणि एक चार्जिंगचा पंखा तयार. खोलीतली हवा चाळिशीच्या वर गेली की नुसता पंखा अंगावर गरम वाराच टाकतो. तेव्हा ओल्या पंचाने अंग पुसून मगच त्याखाली बसा.

पिण्याचं फार लांबवत नाही. माठ, ताक, पन्हं, आंबील, लिंबू-सरबत हे आपल्याला येतंच. ओआरएसची पाकिटं घरात ठेवा, पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना ते बघा, आणि एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच पूर्ण घाला. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडतंय असं समजा. खिशातला कांदा? ठेवा हवं तर, त्याने बिघडत काही नाही. पण कांदा खिशात आहे म्हणून दोन वाजता सीताबर्डीत खरेदीला निघू नका. जेवणात खाल्लेला बरा.

बाहेरच्या कामांची वेळ आधीच ठरवा. बँक, बाजार, वीजबिल अकराच्या आत किंवा पाचनंतर. दुपट्टा डोक्याला, कानांना आणि मानेला गुंडाळायचा, सुती आणि फिक्या रंगाचा. रात्रीच दुसऱ्या दिवसाचा अंदाज बघा, हवामान खात्याचा. २०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली आणि ती मोबाइलवरून गावभर फिरली. सेन्सरच बिघडला होता असा खुलासा खात्याला करावा लागला. आकड्यामागे धावण्यापेक्षा पिवळा, नारिंगी की लाल इशारा आहे ते बघणं पुरतं. आणि पारा चाळिशीच्या खाली आहे म्हणूनही निर्धास्त राहायचं नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात तासन् तास उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. तेव्हा तिथे पारा चाळीसवर नव्हता. दमट हवा, माथ्यावर ऊन आणि उठून जायची सोय नाही, एवढं पुरेसं झालं. घरात मे महिन्यातलं लग्न असेल तर दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर मोकळ्या लॉनवर आजी-आजोबांना बसवण्याआधी हे आठवा. गुरुजी संध्याकाळचाही मुहूर्त काढून देतात.

ज्यांच्या हाताखाली माणसं राबतात त्यांची यादी वेगळी. बांधकामावर, गोदामात, हमालीला नवीन आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण काम देऊ नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, आणि गावी जाऊन आलेला जुना माणूसही पुन्हा नवाच असतो. काम पहाटे सुरू करा, दुपारी थांबवा आणि त्या तासांची मजुरी कापू नका. कापली तर तो थांबणार नाही. सोसायटीच्या फाटकाशी माठ आणि सावलीत एक खुर्ची ठेवायला सर्वसाधारण सभा लागत नाही.

एवढं करूनही कुणाला ऊन लागलं तर काय करायचं ते घरातल्या प्रत्येकाला आधीच माहीत हवं. चक्कर, डोकेदुखी, पायात गोळे, खूप घाम: माणसाला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, घोट घोट ओआरएस द्या. पण तो असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, झटका आला किंवा शुद्ध हरपली तर हा उष्माघात. शरीराचं तापमान १०४ फॅरनहाइटच्या घरात किंवा त्यावर गेलेलं असतं. घाम थांबलेलाच असेल असं नाही; उन्हात राबताना कोसळलेल्या माणसाचं अंग ओलंही असू शकतं. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका: कपडे काढा, अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला, मान, काख आणि जांघेत कपड्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको. तापाची गोळी इथे चालत नाही, कारण हा तापच नाही. जवळचा उष्माघात कक्ष कुठे आहे, मेडिकल जवळ की मेयो (दोन्ही नागपूरची मोठी सरकारी रुग्णालयं), रात्री कुठला दरवाजा उघडा असतो, हे आजच विचारून घ्या. पत्ता आणि जवळची खूण दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा, म्हणजे घाबरलेल्या माणसालाही फोनवर वाचून सांगता येईल.

नवतपा, म्हणजे मे अखेरीचे ते नऊ तापलेले दिवस, उलटला, मृगाची एखादी सर आली की लोक ही यादी गुंडाळतात. जूनचे ते दिवस फसवे असतात. पारा उतरतो, हवेत ओल चढते आणि घाम अंगावरच राहतो. तेव्हा कूलरचा पंप बंद करून नुसता त्याचा पंखा चालवा, खिडक्या सगळ्या उघडा आणि दुपारचे-रात्रीचे फोन, पाऊस नीट लागेपर्यंत, चालू ठेवा.