यूकेचा स्पाउस व्हिसा: फाइल कशी लावायची आणि रिजेक्ट झाली तर पुढे काय

सगळ्यात आधी हे विचारून घ्या की तिकडे यूकेत असलेला तुमचा जोडीदार नक्की कुठल्या स्टेटसवर आहे. तो ब्रिटिश सिटिझन असेल किंवा त्याच्याकडे आयएलआर, म्हणजे कायम राहायची परवानगी असेल तर तुमचा अर्ज फॅमिली व्हिसाचा, स्पाउस व्हिसा त्यातलाच. तो स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असेल तर तुम्ही डिपेंडंट म्हणून जाता, ती फाइलच वेगळी, आणि केअर वर्कर म्हणून ११ मार्च २०२४ नंतर त्या रूटवर गेलेल्यांना तर बायकामुलांना नेताच येत नाही. आईबाबांना कायमचं नेण्याबद्दल पण बरेच जण विचारतात, तर ते फार म्हणजे फार अवघड आहे, कारण त्यांना रोजची देखभाल लागते आणि ती मुलाने पैसे पाठवूनही इथे मिळू शकत नाही असं दाखवावं लागतं, आणि ठाण्यात राहून ते सिद्ध करणं किती कठीण ते तुम्हीच बघा.

आता पैशाचं. ११ एप्रिल २०२४ पासून स्पॉन्सरचा, म्हणजे तिकडे असलेल्या जोडीदाराचा, वर्षाचा पगार किमान २९,००० पौंड लागतो, आधी तो १८,६०० होता, त्यामुळे जुन्या कोणाचा अनुभव ऐकून बसू नका. इथल्या मुलीचा इथला पगार यात धरत नाहीत, ती आयटीत कितीही कमावत असली तरी. बचत मात्र दोघांची चालते, पण नुसत्या बचतीवर अर्ज करायचा तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात पडून असायला हवेत, म्हणजे बहुतेकांसाठी पगार हाच रस्ता. नवरा एकाच कंपनीत सहा महिने किंवा जास्त असेल तर सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, त्याच सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र. स्लिपवरची नेट रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम पेन्सिल घेऊन एकेक महिना टिक करत जुळवा. स्टेटमेंट ऑनलाइन काढलं असेल तर बँकेचा शिक्का किंवा पत्र घेतलेलं बरं, आणि शेवटची तारीख अर्जाच्या आधी २८ दिवसांच्या आत हवी.

कंपनीच्या पत्रावर मी जास्त बोलणारे कारण माझ्या नणंदेचा अर्ज तिथेच अडकला. भावोजींच्या कंपनीने छान लेटरहेडवर पत्र दिलं, हुद्दा, जॉइनिंग डेट, सही सगळं होतं, पण वार्षिक पगाराचा आकडा नव्हता, तो पगार कधीपासून मिळतोय ते नव्हतं, नोकरी पर्मनंट आहे की काँट्रॅक्टवर ते पण नव्हतं. पगार ३४ हजारांच्या वर होता हो! स्लिपांमध्ये दिसतही होता, तरी नकार आला. म्हणून एचआरला नुसतं लेटर द्या असं म्हणू नका, या चार गोष्टी मेलमध्ये लिहून मागा: नोकरीत कधीपासून, ग्रॉस पगार किती, तो पगार किती काळ मिळतोय, नोकरीचा प्रकार काय. लाज वाटायचं कारण नाही.

लग्नाचं सर्टिफिकेट महापालिकेचं हवं, कार्यालयाची पावती किंवा भटजींनी दिलेला कागद नाही. ठाण्यात राहत असाल तर तुमच्या प्रभाग समितीच्या ऑफिसात नमुना ड चा फॉर्म भरायचा, तीन साक्षीदार, भटजींची माहिती आणि सही, लग्नपत्रिका, फोटो आणि शंभर रुपयांचा कोर्ट फी स्टँप. लग्न लागलं की महिन्याभरात हे उरकून टाका, भटजी पुढच्या सीझनला कुठे असतील सांगता येत नाही. आणि नाव! आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, त्यामुळे पासपोर्टवर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, डिग्रीवर तिसरंच स्पेलिंग असं होऊन बसतं. अर्ज पासपोर्टवरच्या नावानेच भरा, फॉर्ममध्ये दुसरी नावं विचारतात तिथे सगळी लिहा, आणि अर्ज चालू असताना पासपोर्टवरचं नाव बदलायच्या भानगडीत पडू नका. मराठीत असलेल्या कुठल्याही कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं, त्यावर भाषांतर बरोबर असल्याचं वाक्य, तारीख, भाषांतर करणाऱ्याचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा.

टीबी टेस्ट यूकेने मान्य केलेल्या क्लिनिकमध्येच, तुमच्या नेहमीच्या लॅबचा एक्स-रे चालत नाही. सर्टिफिकेट सहा महिने चालतं त्यामुळे ते फार आधी करू नका. इंग्रजीची ए-वन, म्हणजे सगळ्यात सोप्या लेव्हलची टेस्ट आहे, फक्त बोलणं आणि ऐकणं. बोलायची भीती वाटणाऱ्या मुलींना घरातल्यांनी रोज थोडं इंग्रजीत बोलायला लावावं, क्लासपेक्षा त्याचा फायदा होतो. तिकडे राहायचं घर भाड्याचं असलं तर अॅग्रीमेंट, आणि घरात अजून कोण कोण राहतं ते.

नातं खरं आहे हे दाखवायला पाचशे फोटोंचा अल्बम नको. साखरपुडा, केळवण, लग्न, नंतरचा प्रवास, सासरच्यांबरोबरचे काही, प्रत्येकाखाली तारीख आणि कोण आहे ते. व्हॉट्सअॅपचे महिन्याला एकदोन स्क्रीनशॉट पुरे, खाजगी बोलणं टाकायची गरज नाही. तो भारतात आला तेव्हाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, पाठवलेले पैसे हे जास्त वजनदार असतं.

हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचे पैसे, वर्षाला १,०३५ पौंड, ३३ महिन्यांच्या व्हिसासाठी ३,१०५ एकदम भरावा लागतो, व्हिसाची फी वेगळी. रिजेक्ट झालं तर सरचार्ज परत मिळतो, फी नाही मिळत.

आणि रिजेक्ट झालं तर पत्र शांतपणे वाचा, पहिल्या दिवशी कोणालाही फोन न करता. नकाराचं कारण पैशाच्या कागदांचं आहे, नात्याचं आहे, की तुम्ही खोटी माहिती दिली असं म्हटलंय? तिसरं असेल तर घरी बसून काही करू नका, ताबडतोब तिकडचा सॉलिसिटर किंवा इमिग्रेशन अॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंद असलेला सल्लागार गाठा, कारण त्यात दहा वर्षांची बंदी येऊ शकते. कागद खरोखरच कमी पडला असेल तर नवा अर्ज लवकर सुटतो, लगेच करता येतो. कागद बरोबर असून त्यांनी चुकीचं वाचलं असेल तर अपील, भारतातून अर्ज केला असेल तर निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांत, पण ट्रिब्युनलला, म्हणजे अपील ऐकणाऱ्या कोर्टाला, महिनोन्‌महिने लागतात. नणंदेचं आम्ही नवीन पत्र घेऊन पुन्हा भरलं, टीबी टेस्ट परत केली, आणि कव्हरिंग लेटरमध्ये आधीच्या नकारातला एकेक मुद्दा घेऊन त्याचा कागद कुठल्या पानावर आहे ते लिहिलं. व्हिसा झाला.

पुढच्या अर्जांत, दुसऱ्या देशांच्याही, बऱ्याचदा आधीचा नकार विचारतात आणि विचारला की तो लिहायचाच, पूर्वी टूरिस्ट व्हिसा नाकारला असेल तर तोही. आणि हातात निर्णय येईपर्यंत मुलीने इथली नोकरी सोडू नये, ठाण्यातला भाड्याचा फ्लॅट रिकामा करू नये, विमानाचं तिकीट काढू नये, घरातले कितीही मागे लागले तरी.