कलम ८५ च्या खटल्यात उलटतपासाची तयारी कशी करावी

बायकोच्या छळाचा, मारहाणीचा गुन्हा दाखल झाला की पहिला सल्ला येतो, ‘सासरी जाऊन मिटवून टाक.’ जाऊ नका. मामा-मावशीलाही पाठवू नका. साक्षीदारांवर दबाव आणला असा अर्ज पडला, तर मिळालेला जामीन रद्द होऊ शकतो. वकिलाला मात्र सगळं खरं सांगा. हात उगारला असेल तर तेही.

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ लागतं, आधीच्यांना जुनं ४९८-अ. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालापासून (२०१४) सरसकट अटक होत नाही, पण पोलिसांची नोटीस आली की हजर राहा. जामीन, दोषारोपपत्राची मोफत नक्कल ही कामं वकील करतोच.

खरी गोची उलटतपासात, म्हणजे समोरच्या साक्षीदाराला आपला वकील प्रश्न विचारतो तिथे आहे, आणि तिथे मी स्वतः आपटलोय. वकिलीचं तिसरं वर्ष. आरोपीची सासू पिंजऱ्यातून म्हणाली, ‘जावयानं पट्ट्यानं मारताना मी डोळ्यांनी पाहिलं.’ पोलीस जबाबात पट्ट्याचा शब्द नव्हता. मी तेवढंच विचारलं. उत्तर आलं, ‘मी पोलिसांना सांगितलं होतं. जबाबात का आलं नाही, कारण सांगू शकत नाही.’ मी खुशीत खाली बसलो. पुढे तपासी अंमलदार, म्हणजे गुन्ह्याचा तपास करणारा पोलीस, साक्षीला आला, तेव्हा पंचनाम्यावरच भांडत राहिलो आणि पट्टा विसरलो. निकालात आलं: सदर वगळणूक (जबाबात नसलेली, कोर्टात नव्यानं सांगितलेली गोष्ट) शाबित नाही.

पोलीस जबाब हा स्वतः पुरावा नसतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं. साक्षीदाराला विचारणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं तपासी अंमलदाराकडून: ‘या साक्षीदारानं पट्ट्याबद्दल तुम्हाला सांगितलं नव्हतं?’ ‘नव्हतं.’ हे नोंदलं गेलं की वगळणूक शाबित. जबाबात उलटच काही लिहिलं असेल, तर ते नेमकं वाक्य साक्षीदाराला वाचून दाखवायचं, त्यावर ‘भाग अ’ अशी खूण करून घ्यायची आणि पुढे तेच अंमलदाराला विचारायचं. प्रत्येक साक्षीदाराची यादी कागदावर करा. अंमलदाराच्या तारखेला वकिलाच्या हातात ती यादी आहे का, आरोपीने स्वतः बघावं.

साडीचा रंग, जेवणाची वेळ असल्या वगळणुकींचा काडीचा उपयोग नाही. मूळ प्रसंगच बदलतो, तेवढ्याच धरा. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न टाळा, साक्षीदार त्यात नवीन गोष्ट घालतो. बाईच्या चारित्र्यावर घसरणारा वकील तर मी ठेवणारच नाही. न्यायाधीशाचं तोंड तिथेच फिरतं.

शेवटी न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात. तिथे नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून सुटका नाही. त्या रात्री कंपनीत पाळीवर होतात, तर तसं सांगा आणि हजेरीपटासाठी त्याच दिवशी अर्ज द्या.