भेगा बुजवल्या, आता रस्ता जपायचा कसा?

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीने आतल्या डांबरी रस्त्याच्या भेगा बुजवून घेतल्या. काम संपून अर्धा तासही झाला नसेल, तेवढ्यात पाण्याचा टँकर आत शिरला. मागच्या चाकाला ताजी काळी पट्टी चिकटली, च्युइंगमसारखी ताणली आणि चार-पाच हात लांब उपटून निघाली. वॉचमनला कोणी काही सांगितलंच नव्हतं. ठेकेदाराचा माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, मालात खोट नाही, गेट उघडं होतं."

त्याचं खरं होतं. बुजवलेली भेग टिकते की नाही, हे निम्मं तरी नंतर आपण काय करतो यावर ठरतं.

१. काय भरलंय ते आधी विचारा

माल मुख्यतः दोन प्रकारचा असतो. एक, बॉयलरमध्ये तापवून ओतलेलं रबरमिश्रित डांबर. ते निवलं की झालं. दुसरं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर. हे गार असतानाच ओततात आणि ओतताना चॉकलेटी दिसतं. पाणी उडून गेलं की काळं होतं. वरून काळं झालं तरी आत ओलं असू शकतं, म्हणून इमल्शनला निदान २४ तास द्या. त्या दिवशी गाड्या धुणं बंद. पाऊस आला तर ते धुपून गटारात जातं, तेव्हा आभाळ बघूनच काम काढा.

२. गेट बंद ठेवा

गरम ओतलेला माल सावलीत अर्ध्या-पाऊण तासात निवतो, पण एप्रिल-मेच्या दुपारी त्यावर विसंबू नका. अंगठा दाबून बघा. माल बोटाला चिकटला नाही आणि ठसाही उमटला नाही, तरच दुचाकी सोडा. टँकर, कचऱ्याची गाडी, सामानाचा टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी. १०,००० लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच १० टन असतं, वर गाडीचं वजन वेगळं. टँकरवाल्याला आदल्या दिवशीच फोन करा आणि वॉचमनच्या खोलीत चिठ्ठी लावा.

घाईच असेल तर पट्टीवर बारीक कच भुरभुरवा, अगदी पातळ, भाकरीला पीठ लावतो तेवढी. चिकटपणा मरतो. दोन दिवसांनी उरलेली कच खराट्याने झाडून घ्या, नाहीतर त्यावरून स्कूटर घसरते. तसंही पावसात या गुळगुळीत पट्ट्या थोड्या निसरड्या असतातच, वळणावर जपून चालवा. चपलेला डांबर लागलं तर खोबरेल तेलाने निघतं, पण ती घासाघीस रस्त्यावर नको.

३. उन्हात उभ्या गाड्या

आपल्याकडे रस्त्याला वापरतात त्या व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा मऊ होण्याचा बिंदू किमान ४७ अंश सेल्सिअस धरलेला असतो, आणि भर उन्हात काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० च्या वर जातो. म्हणून बुलेटचं स्टँड दुपारी रस्त्यात रुततं. पहिला महिनाभर बुजवलेल्या जागी स्टँड लावू नका, लावायचंच तर खाली फरशीचा तुकडा ठेवा. गाडी जागच्या जागी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवण्याची सवयही सोडा. चाक रस्त्याला पिळून काढतं, आणि पट्टी सुटते ती बहुतेक तिथेच.

४. तेल

डांबर पाण्याला दाद देत नाही, पण पेट्रोल, डिझेल आणि रॉकेलमध्ये विरघळतं. गाडीखाली तेलाचा डाग दिसला तर आधी कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाका, तो शोषू द्या, झाडून काढा, मग कपड्यांच्या साबणाच्या पाण्याने धुवा. डाग घालवायला रॉकेल ओतणारे महाभाग आमच्याकडे होते. तिथली खडी आता उघडी पडली आहे.

५. पाऊस

भेग दिसायला वाईट, पण रस्ता मोडतो तो तिच्यातून खाली उतरणाऱ्या पाण्याने. पाणी खडी-मुरमाच्या थरात शिरलं की तो थर मऊ पडतो, वरून चाक गेलं की दबतो, आणि खड्डा पडतो. म्हणून जूनआधी जाळ्या आणि चेंबर साफ करा. रस्त्यावर पाणी तासन्‌तास साचत असेल तर नुसत्या भेगा बुजवून उपयोग नाही, उतार बघावा लागेल.

पहिल्या मोठ्या पावसानंतर उघडीप मिळाली की चक्कर मारा. रस्ता वाळत असतो, पण जिथे भेग अजून उघडी आहे तिथली रेघ ओलीच राहते. त्या रेघा खडूने आखून फोटो काढून ठेवा. एखाद्या भेगेतून मातकट पाणी वर येऊन वाळलेलं दिसलं, तर खालचा थर धुपायला लागला आहे, थांबू नका. ठेकेदाराची थोडी रक्कम या फेरीपर्यंत रोखून ठेवा. गरम माल निवताना आत बसतो, त्यामुळे रुंद भेगांत दुसरा हात द्यावा लागतो, आणि पूर्ण पैसे मिळाल्यावर तो हात क्वचितच येतो.

६. होळी आणि मांडव

होळी थेट डांबरावर पेटवली की तेवढा गोल तुकडा कायमचा ठिसूळ होतो. वीतभर माती आणि वर विटा रचून मग पेटवा, किंवा मोकळ्या मातीत जा. गणपतीच्या मांडवाला रस्त्यात पहार घालू नका. वाळू भरलेल्या डब्यांत वासे उभे राहतात. पहारीचं एक भोक बुजवलेल्या दहा फूट भेगेवर पाणी फिरवतं, अगदी शब्दशः.

७. डिसेंबरची फेरी

ही फेरी कोणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त हीच कळवते. उन्हाळ्यात डांबर फुगलेलं असतं, भेग मिटलेली असते, आपण तेव्हाच भरतो. थंडीत रस्ता आकसतो, भेग रुंदावते आणि पट्टी एका कडेने सुटते. गार सकाळी जुनं एटीएम कार्ड कडेशी सरकवून बघा. आत गेलं तर तिथे पुन्हा भरायचं आहे. गवत उगवलं असेल तर मुळासकट काढा, तारेच्या ब्रशने भेग घासा, धूळ उडवा, पूर्ण कोरडी होऊ द्या आणि सीलंट, म्हणजे भेगा बुजवायचा तयार माल, भरा. सिमेंट कालवून भरू नका. ते आखडलेलंच राहतं, रस्ता हलला की तडकतं.

मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार भेगा पडल्या असतील तर मात्र सीलंटचा डबा उघडूच नका, तिथे खालचा थरच गेलेला असतो. आमच्याकडे टँकर उभा राहतो ती जागा अशीच झाली. शेवटी तेवढा तुकडा चौकोनी कापून, मुरूम-खडी नव्याने दाबून, वर डांबर टाकून घेतलं.