जुना कॉम्प्युटर घरच्या नेटवर्कवर चालेना? खोट कुठे आहे ते आधी शोधा

घरातल्या सगळ्या मोबाइलवर नेट धावतंय, टीव्हीवर मालिका सुरू आहे, आणि कोपऱ्यातला दहा-बारा वर्षांचा कॉम्प्युटर मात्र 'नो इंटरनेट' दाखवतो. नागपुरात बर्डीवरच्या दुकानात नेला तर पहिला सल्ला बहुधा 'नवीनच घ्या' असाच मिळतो. तो दर वेळी चुकीचा असतो असं नाही, पण फार लवकर दिलेला असतो. जुन्या कॉम्प्युटरची नेटवर्कची तक्रार पुष्कळदा एका बटण-बॅटरीवर, सैल झालेल्या वायरवर किंवा राउटरच्या एखाद्या सेटिंगवर मिटते. त्यासाठी एक शिस्त पाळावी लागते. खोट नेमकी कुठे आहे हे कळेपर्यंत कोणतीही सेटिंग बदलायची नाही. नळ कोरडा असला की आपण आधी शेजारी पाणी आलं का विचारतो, मग टाकी बघतो, मग कॉक. इथेही क्रम तोच.

पहिली पायरी : खोट घराची की कॉम्प्युटरची?

मोबाइलचा डेटा बंद करा आणि फक्त वाय-फायवर एखादी साइट उघडा. उघडली नाही तर कॉम्प्युटरला हात लावू नका. फायबरच्या डब्यावर 'लॉस' नावाचा दिवा लाल असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच पोहोचत नाही, म्हणजे केबल तुटली किंवा दबली आहे. अशा वेळी सेवा देणाऱ्याला फोन करण्याखेरीज इलाज नाही. दिवे ठीक असतील तर राउटरचा प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा आणि दोन-तीन मिनिटं वाट बघा.

मोबाइल चालतो आणि कॉम्प्युटर चालत नाही, एवढं पक्कं झालं की पुढे जा.

दुसरी पायरी : तारीख बघा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते, म्हणून मी ती इतकी वर घेतली आहे. फोनवरून कुणाला मदत करायची असेल तर माझा पहिला प्रश्न हाच असतो.

"काकू, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दाखवते?"

"अरे बाप्पा, हे तर २००९ दाखवतंय रे!"

कारण असं. मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीवर, रुपयाच्या नाण्याएवढी ३ व्होल्टची एक बॅटरी असते. तिचा नंबर सीआर २०३२. कॉम्प्युटरची लाइन पूर्ण बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. काही वर्षांनी ती संपते. भिंतीवरचा स्विच सुरू असेपर्यंत हे लक्षात येत नाही. पण दिवाळीला गावी जाताना मेन बंद केला, की परत आल्यावर घड्याळ मागच्या कुठल्या तरी वर्षात गेलेलं सापडतं. सुरक्षित साइट उघडताना ब्राउझर तिचं प्रमाणपत्र तारखेशी ताडून बघतो. तुमच्या घड्याळात २००९ साल असेल तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. मग 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा येतो आणि आपण नेटला दोष देत बसतो.

आधी तारीख-वेळ हाताने दुरुस्त करून बघा. साइट उघडल्या तर खोट सापडली. बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते आणि स्वस्त असते. बदलण्याआधी कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जा आणि तिथल्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बॅटरी काढली की त्या सेटिंग मूळ पदावर जातात. हार्ड डिस्कची पद्धत 'एएचसीआय'ऐवजी 'आयडीई' झाली तर विंडोज सुरूच होत नाही, आणि मग साधं काम डोकेदुखी बनतं. फोटो असेल तर ती सेटिंग जशीच्या तशी परत लावता येते. बॅटरी बदलताना प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, आणि अधिकची खूण वर राहील अशी नवी बॅटरी बसवा.

तिसरी पायरी : वायर आणि हवा

वायरने जोडलेला कॉम्प्युटर असेल तर मागच्या बाजूला, वायर शिरते तिथले छोटे दिवे बघा. एकही पेटत नसेल तर वायर, राउटरचं पोर्ट किंवा कॉम्प्युटरचं पोर्ट, या तिघांपैकी एक गेलं आहे. राउटरवरचं पोर्ट बदलून बघा, मग वायर बदलून बघा. पिनेची प्लास्टिकची कडी तुटलेली असेल तर वायर वरवर लागलेली दिसते आणि पंख्याच्या हवेनेही सुटते. वायरच्या आत तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे एक जोडी तुटली तर नेट बंद न पडता नुसतं हळू होऊ शकतं, आणि ते कुणाला कळत नाही. वायर आणि पोर्ट दोन्ही बदलूनही दिवा नसेल तर कॉम्प्युटरचं पोर्ट गेलं असं समजा. पावसाळ्यात जवळपास वीज पडल्यावर असं होतं. त्यासाठी मदरबोर्ड बदलायची गरज नाही. यूएसबीला लावायचं लॅन अडॅप्टर मिळतं, त्यावर काम भागतं.

वाय-फाय असेल तर नागपूरच्या घरात एक खास गोष्ट तपासा. फायबरची वायर बहुतेक खिडकीतून आत येते, म्हणून राउटरही खिडकीपाशी बसवला जातो. मार्चच्या शेवटी त्याच खिडकीत कूलर लागतो. पत्र्याची पेटी, आत पाण्याची टाकी. पत्रा लहरी अडवतो आणि पाणी त्या शोषतं. हिवाळ्यात व्यवस्थित चालणारं वाय-फाय उन्हाळ्यात मागच्या खोलीत अडखळू लागलं तर राउटर कूलरच्या आडून काढा, उंचावर ठेवा. लोखंडी कपाटावर मात्र ठेवू नका.

दुसरी अडचण बँडची. आजचे बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर, चालतात. बऱ्याच जुन्या वाय-फाय कार्डांना फक्त २.४ कळतो. राउटर बदलल्यावर फक्त जुन्याच कॉम्प्युटरला घरचं नाव दिसेनासं झालं असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ बंद तर नाही ना, हे बघा. दोन्ही बँडना वेगळी नावं दिलीत तर घोळ आणखी कमी होतो. नाव दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरीही जोडणी होत नाही, असं असेल तर सुरक्षेचा प्रकार बघा. राउटर फक्त 'डब्ल्यूपीए३'वर असेल तर विंडोज ७ ला ते समजत नाही. 'डब्ल्यूपीए२' किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडा. जोडणी होत नाही म्हणून सुरक्षा पूर्ण काढून वाय-फाय उघडं सोडू नका, कितीही घाई असली तरी.

कार्डच गेलं असा संशय असेल तर मोबाइल यूएसबीच्या वायरने जोडा आणि मोबाइलमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. असं केल्यावर नेट आलं तर कॉम्प्युटरचं बाकी सगळं धड आहे, खोट कार्डात किंवा ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, आहे.

चौथी पायरी : पत्ता विचारा

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, सी-एम-डी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. त्यात आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी असं सलग टाइप करा. 'आयपीव्ही४ अॅड्रेस'समोरचा आकडा वाचा.

१९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा राउटरनेच पत्ता दिला आहे. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरने पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. मग मागच्या पायरीकडे परत जा. वायर किंवा वाय-फायची जोडणीच अर्धवट आहे. आकडा या दोन्हींपेक्षा वेगळाच असेल तर जोडणीच्या गुणधर्मांमध्ये कुणी पत्ता हाताने लिहून ठेवला आहे का ते बघा. ऑफिसातून आलेल्या किंवा सेकंडहँड घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये हे हमखास सापडतं. तिथे 'आपोआप मिळवा' हा पर्याय निवडा. प्रॉक्सीची, म्हणजे नेट दुसऱ्या कॉम्प्युटरमार्फत वळवणारी, जुनी सेटिंग राहिली असेल तर तीही काढा.

आता त्याच खिडकीत पी-आय-एन-जी लिहा, एक जागा सोडा आणि 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसलेला आकडा टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. आकडे अर्थातच इंग्रजीत. उत्तर आलं तर राउटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. मग तसंच ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, विचारा. तिथूनही उत्तर आलं, पण साइटचं नाव टाकल्यावर काहीच उघडत नसेल, तर नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडली आहे. त्याच गुणधर्मांच्या पानावर डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ लिहा.

पाचवी पायरी : नेट आहे, पण साइट उघडत नाहीत

इथे खोट नेटवर्कची नसते, वयाची असते. विंडोज ७ चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ७ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीवर थांबला, फायरफॉक्स ११५ व्या. त्याहून जुन्या विंडोज एक्सपीवर तर आजच्या बहुतेक साइटशी बोलणंच जमत नाही. अशा कॉम्प्युटरवर बँकेचं काम करू नका, हे मी कळकळीने सांगतो. लेख वाचायला, टायपिंगला, मुलांच्या अभ्यासाला तो चालेल. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असेल तर जुना कॉम्प्युटर त्यावर ठेवा, म्हणजे त्यात काही शिरलं तरी घरातल्या बाकीच्या उपकरणांपर्यंत सहसा पोहोचत नाही.

जुन्या आणि नव्या कॉम्प्युटरमध्ये फोल्डर शेअर होत नाही, ही तक्रारही याच घरातली. एक्सपीसारखी जुनी विंडोज फाइल शेअर करायला 'एसएमबी १' ही पद्धत वापरते. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच पद्धतीतल्या छिद्रातून जगभर पसरला, आणि त्याच वर्षापासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांमध्ये ती आपोआप येत नाही. ती पुन्हा सुरू करायच्या युक्त्या लोक सांगतात. मी सांगणार नाही. चार फोटोंसाठी पेन ड्राइव्ह पुरेसा आहे.

हळू चालतो म्हणजे नेट हळू आहे असं नाही

मोबाइलवर वेग चांगला आणि कॉम्प्युटरवर रडतखडत, असं असेल तर टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा आकडा बघा. तो सतत १०० टक्क्यांवर असेल तर अडचण हार्ड डिस्कची आहे. एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, बसवली आणि रॅम किमान ४ जीबी केली तर फरक लगेच जाणवतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा प्रोसेसरच्या पंख्यात साचलेली धूळही महागात पडते. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, फारच तापला तर बंद पडतो. एप्रिल लागण्याआधी कॅबिनेट उघडा, मऊ ब्रशने धूळ काढा, आणि कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येणार नाही अशी जागा निवडा.

कॉम्प्युटर ६४ बिटचा असेल तर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती पेन ड्राइव्हवरून, कॉम्प्युटरवरचं काहीही न पुसता, चालवून बघता येते. त्यात नेट सुरळीत चाललं तर यंत्र ठणठणीत आहे, बिघाड विंडोजमध्ये आहे. तसं असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून मगच लिनक्स कायमचं टाका. त्यातही कार्ड सापडलं नाही आणि बाहेरून लावलेलं अडॅप्टरही चाललं नाही, तर मात्र खर्च थांबवा. कबाडीवाल्याला देण्याआधी हार्ड डिस्क काढून घरी ठेवायला विसरू नका.