ड्राइव्हवरची मोटर जळते तेव्हा

ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी) ट्रिप झाला, म्हणजे दोष दिसून स्वतःहून बंद पडला, की हात आधी रिसेटच्या बटणाकडे जातो. तो आवरा. डिस्प्लेवर नुसतं 'ओव्हरकरंट' दिसत असलं, तरी बहुतेक ड्राइव्हच्या फॉल्ट लॉगमध्ये त्या क्षणाची फ्रिक्वेन्सी, करंट आणि डीसी बसचं (ड्राइव्हच्या आत कपॅसिटरवर साठणाऱ्या डीसीचं) व्होल्टेज सापडतं. ते वहीत उतरवून घ्या. स्टार्ट देताच एक-दोन हर्ट्झला ट्रिप झाला तर संशय शॉर्टचा: मोटर, केबल नाहीतर ड्राइव्हमधला आयजीबीटी (आउटपुट देणारा पॉवर ट्रान्झिस्टर). वेग चढताना झाला तर लोड जाम आहे का, अ‍ॅक्सिलरेशन टाइम फार कमी ठेवलाय का ते बघा. वेग उतरताना ओव्हरव्होल्टेज येत असेल तर मोटर सहसा निर्दोष असते. फिरत्या लोडची ऊर्जा ड्राइव्हमध्ये परत येतेय. डिसेलरेशन टाइम वाढवा, ब्रेकिंग रेझिस्टर तपासा.

आता पॅनेल. सप्लाय बंद करून कुलूप लावा आणि ड्राइव्हच्या लेबलवर लिहिलाय तेवढा वेळ थांबा, साधारण ५ ते १५ मिनिटं. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर डीसी बस ५६० ते ५९० व्होल्टची असते, आणि डिस्प्ले विझला म्हणून ती रिकामी झाली असं होत नाही. डीसी टर्मिनलवर मीटर लावून खात्री करा.

मग मोटरची केबल ड्राइव्हकडून सोडा. सोडल्याशिवाय मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावायचा नाही, कारण मेगरच्या व्होल्टेजने आयजीबीटी जाऊ शकतात. मोटर तपासायला जाऊन धडधाकट ड्राइव्ह मारणं ही नवशिक्यांची सगळ्यात महागडी चूक. आधी केबलसकट मोटर ५०० व्होल्टवर एक मिनिट मेगर करा. रीडिंग कमी आलं तर मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये केबल सोडून दोन्ही वेगवेगळे मोजा. पाणी शिरलेल्या केबलचा दोष मोटरच्या नावावर खपतो. ५ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर चालवू नका. कोरड्या, चांगल्या वाइंडिंगला शेकडो मेगाओहम मिळतात.

पुढे मोटरच्या तीन टर्मिनलमधला यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यू असा रेझिस्टन्स. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. मोठ्या मोटरचा रेझिस्टन्स ओहमच्या अंशात असतो. तिथे साधा मल्टिमीटर प्रोबचाच रेझिस्टन्स दाखवत बसतो, म्हणून मिलिओहम मीटर लागतो. मेगर चांगला आणि रेझिस्टन्स सारखा असूनही मोटर ट्रिप करत असेल, तर टर्न-टू-टर्न शॉर्ट (एकाच कॉइलच्या वेढ्यांमधला शॉर्ट) असू शकतो. तो मेगरला दिसत नाही. त्यासाठी सर्ज टेस्ट (वाइंडिंगला उच्च व्होल्टेजच्या पल्स देऊन केलेली तपासणी) करून घ्यावी लागते.

ड्राइव्हची खात्री करायला, केबल सुटलेलीच ठेवून आधी मीटर डायोड मोडवर घ्या आणि डीसी प्लस व मायनसपासून यू, व्ही, डब्ल्यू तपासा. तिन्ही फेजचे आकडे सारखे हवेत. एखादा शून्याजवळ असेल तर आयजीबीटी गेलेला आहे, सप्लाय देऊ नका. सारखे आले तर व्ही बाय एफ मोडमध्ये (फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात व्होल्टेज देणारा साधा मोड), आउटपुट फेज लॉसचं प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करून, ड्राइव्ह रिकामा चालवा. तरीही ओव्हरकरंट आला तर दोष ड्राइव्हमध्येच.

मोटर जळलीच असेल तर रिवाइंडिंगवाल्याने कॉइल काढण्याआधी उघडी मोटर स्वतः बघा. जळण्याचं कारण तिथेच लिहिलेलं असतं. सगळ्या कॉइल सारख्याच काळवंडल्या असतील तर मोटर तापून गेली: ओव्हरलोड, किंवा शाफ्टवरचा फॅन १०-१५ हर्ट्झवर पुरेशी हवा देत नसताना पूर्ण टॉर्क ओढला गेला. अशा कामाला वेगळ्या सप्लायचा फॅन हवा आणि थर्मिस्टर (वाइंडिंगमधला तापमानाचा सेन्सर) ड्राइव्हला जोडलेला हवा. स्टार जोडणीत दोन किंवा डेल्टा जोडणीत एकच फेज काळी असेल तर सिंगल फेजिंग, म्हणजे एक फेज तुटून मोटर चालली. टर्मिनल बॉक्समधला ढिला लग (केबलच्या टोकाचा जोड) शोधा. बाकी वाइंडिंग स्वच्छ आणि फेजच्या सुरुवातीच्या कॉइलवर एकच काळा ठिपका असेल, तर तो व्होल्टेज स्पाइकचा मार. लांब केबलवर ड्राइव्हच्या पल्स मोटरकडून परावर्तित होतात आणि टर्मिनलवरचा पीक डीसी बसच्या दुपटीपर्यंत जातो. तिथे नुसती रिवाइंडिंग करून भागत नाही. ड्राइव्हच्या आउटपुटला पल्स सौम्य करणारा डीव्ही-डीटी किंवा साइन फिल्टर लावा आणि कॅरियर फ्रिक्वेन्सी (ड्राइव्हच्या स्विचिंगचा वेग) २ ते ४ किलोहर्ट्झवर आणा.

बेअरिंगही कापून बघा. रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) पन्हाळी पत्र्यासारख्या बारीक आडव्या रेषा आणि काळं ग्रीस दिसलं, तर शाफ्टमधून करंट वाहतोय. शाफ्टला ग्राउंडिंग रिंग, मोठ्या मोटरला नॉन-ड्राइव्ह एंडला इन्सुलेटेड बेअरिंग, आणि केबलचं शील्ड दोन्ही टोकांना नीट अर्थ केलेलं, एवढं हवंच.

नवी मोटर जोडताना नेमप्लेट आणि पॅरामीटर शेजारी ठेवून वाचा. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झच्या मोटरला बेस फ्रिक्वेन्सी चुकून ४० ठेवली तर कोअर सॅच्युरेट होऊन रिकामी मोटरसुद्धा जास्त करंट खाते. मग ऑटो-ट्यून करा (ड्राइव्ह स्वतः मोटर मोजून घेतो), आणि तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने ड्राइव्हच्या आउटपुटवरच मोजा. इनपुटवरचा करंट वेगळा येतो, त्यावरून मोटरचा लोड ठरवता येत नाही.